नाझरकाकांची थंडी

नाझरकाका मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते. माणूस जाऊन बरीच वर्षं झाली की त्याच्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज मऊ होतो. 'होते हो जरा तऱ्हेवाईक, पण मनाने चांगले' वगैरे सुरू होतं. मी त्यांच्या समोरच्या घरात राहत होते. त्यांची मुलगी सुमन रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होती. त्यांचं मन चांगलं असल्याचा पुरावा मला तरी कितीतरी वर्षं सापडला नाही.

नाझर ही कोर्टातली जागा. जप्तीचा माल सांभाळायचा, खोल्यांच्या किल्ल्या ठेवायच्या, बेलिफांवर डोळे वटारायचे. काका त्या जागेवरून निवृत्त झाले होते, पण आळीत वावरताना न्यायाधीशपदावरून उतरल्यासारखे वावरत. उंच, सडसडीत, पांढरं स्वच्छ धोतर, वर बंद गळ्याचा कोट, आणि चेहऱ्याच्या मानाने दीड पट मोठं नाक. या नाकाचा त्यांना विलक्षण अभिमान होता. कोणीही दारात आलं की ते त्याला दोन हात अंतरावर थांबवत, हनुवटी वर करत, एक लांब श्वास घेत आणि मग 'ये' म्हणत किंवा म्हणत नसत. मी रोज ड्युटीवरून येताना सुमनबरोबर त्यांच्या ओटीपर्यंत जायची. रोज एकच वाक्य ऐकायची.

"शालू, डोकं धूत जा गो. रबराचा वास येतो."

दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या बाईच्या डोक्याला रबराचा नाही तर काय केवड्याचा वास येणार? सुमनही तेच हेडफोन लावायची, पण ती ओटीपाशी न थांबता मागच्या दाराने जाऊन आधी न्हाणीघरात तोंड-हात-पाय धुऊन मग वडिलांसमोर यायची. कामावरून दमून आलेल्या मुलीने आधी वास घालवायचा आणि मग बाबांना चहा द्यायचा, हा त्या घरचा नियम होता.

काकांचं सगळं आयुष्य अत्तरांवर चाललेलं होतं. शिसवी पेटीत, लाल मखमलीवर, काचेची बुचं असलेल्या कुप्या. त्या पेटीला सुमननेसुद्धा विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. चैत्रापासून वाळा. पाऊस लागला की मातीचं अत्तर. आणि थंडीत हिना. यात बदल नाही. "ऋतू चुकला की माणूस चुकला," असं ते म्हणत, आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी म्हणून थांबत. हिन्याबद्दल तर त्यांचं एक प्रवचनच ठरलेलं होतं. थंडीत माणसाचं अंग आक्रसतं, हलकं अत्तर त्याच्यावर टिकत नाही, वाळा लावला तर नुसता गार पाण्याचा हबका बसतो, मोगरा लावला तर तो वाऱ्यावर जातो. हिना मात्र अंगातली ऊब धरतो, सकाळी लावला तर संध्याकाळी खरा उमलतो. हे सगळं खरं असेलही. मला अत्तरातलं काही कळत नाही. पण रत्नागिरीत कळतं ते मलाही कळतं: आमच्याकडे थंडीच नसते.

म्हणजे असते, पण पाहुण्यासारखी. मार्गशीर्षात चार-सहा दिवस पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते, आंब्याला मोहोर धरतो, लोक एकमेकांना 'आज गारवा आहे हां' असं कौतुकाने सांगतात आणि दहा वाजता पुन्हा पदराने घाम पुसतात. तेवढ्याने काकांचं भागायचं नाही. पेटीत हिना आहे तर थंडी असलीच पाहिजे. मग ती कधी सुरू झाली हे ते स्वतः ठरवत. दिवाळी उलटली की पहाटे घरापुढच्या खळ्यात उभे राहायचे, कोटाची बाही वर सारून उघडा हात पुढे धरायचे, श्वास घ्यायचे आणि परत आत जायचे. असं काही दिवस चालायचं. मग एका सकाळी आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आली."

आली म्हणजे आली. त्या क्षणापासून घरातला पंखा बंद. बाहेर सगळी रत्नागिरी घामाने निथळत असली तरी काका गळपट्टा गुंडाळून, कानात हिन्याचा फाया खोचून ओटीवर बसणार. पहाटे सुमनने उठून बंब पेटवायचा, कारण थंडीत गार पाण्याने आंघोळ करणं म्हणजे ऋतूचा अपमान. स्वतः त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागत, पण त्या ते पुसत नसत. पुसल्या तर घाम येतो हे कबूल करावं लागलं असतं.

दिवाळीनंतर एक फिरता अत्तरवाला यायचा. त्याला काका ओटीच्या पायरीवर बसवून घेत, वर नाही. त्याच्याकडच्या सगळ्या हिन्याच्या कुप्या उघडायला लावत. आपल्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एकेक ठिपका लावून झाला की जागा संपायची. मग हाक जायची, "सुमन!" सुमन पदराला हात पुसत यायची आणि दोन्ही हात पुढे करायची. उरलेल्या कुप्या तिच्या हातांवर. हिना संध्याकाळी खरा कळतो, म्हणून संध्याकाळपर्यंत तिने हात धुवायचे नाहीत. ती तशीच कामावर यायची. एक्स्चेंजच्या बंद खोलीत तिच्या हातांचा तो सात-आठ तऱ्हांचा दरवळ असा काही कोंडायचा की आमचे सुपरवायझर दारातून परत फिरायचे. डबा ती चमच्याने खायची. आणि ट्रंक कॉल जोडताना बोटं जरा दूरच धरायची, कारण बाबांनी सांगितलं होतं, ठिपके पुसू नकोस.

"तू त्यांना सांगत का नाहीस?" मी एकदा चिडून विचारलं.

"काय सांगू?"

"की तुझे हात तुझे आहेत."

सुमन हसली. "बाबांचं असंच गो," एवढंच म्हणाली आणि खेडचा कॉल लावून दिला.

माझ्या रागाचं आणखी एक कारण होतं. आमच्या आळीच्या टोकाला कादिरभाई राहायचे. काकांच्या कोर्टातल्या दिवसांपासूनची ओळख. ईदला शीरखुर्मा काकांकडे आणि दिवाळीला करंज्या त्यांच्याकडे, असं जाणं-येणं. त्या वर्षांत घरोघरची मुलं आखातात गेली होती. कादिरभाईंचा युसूफही कुवेतला होता. सुट्टीवर आला तेव्हा सगळ्या आळीसाठी काही ना काही घेऊन आला, आणि काकांसाठी मुद्दाम सेंटची मोठी बाटली आणली, चांगली सोनेरी टोपणाची, खोक्यासकट. पोरगा दोन्ही हातांनी देत होता. काकांनी टोपण उघडून लांबूनच श्वास घेतला. नाकपुड्या आखडल्या.

"ठेव. मोरीत शिंपडायला होईल," ते म्हणाले.

युसूफचा चेहरा पडला. कादिरभाईंनीच वेळ मारून नेली. "चल बेटा. नाझरसाहेबांच्या नाकाचा निकाल म्हणजे हायकोर्ट. वर अपील नाही," असं म्हणून ते हसले. मी त्या वेळी सुमनकडे वर्तमानपत्र परत करायला आले होते. कादिरभाईंच्या त्या म्हाताऱ्या हसण्याने मला लाज वाटली, त्यांची नव्हे, काकांची. काकांना काहीच वाटलं नाही. त्यांनी ती बाटली खरोखरच मोरीत नेऊन ठेवली.

असल्या माणसाच्या हातात एका मुलीचं लग्न होतं.

सुमनची आई लवकर गेलेली. भावंडं नाहीत. दिसायला नीटस, पगार असलेली, स्वभावाने अगदी साखर. तिशी ओलांडायला आली तरी तिचं लग्न होत नव्हतं. आणि ते होत नव्हतं ते पत्रिकेमुळे नाही की हुंड्यामुळे नाही. ते होत नव्हतं अत्तरामुळे. हे मी बाहेरगावी कुणाला सांगते तेव्हा लोक हसतात. सुमनच्या शेजारी बसून मी ती वर्षं पाहिली आहेत, त्यामुळे मला हसू येत नाही.

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम काका फक्त थंडीतच करत. उन्हाळ्यात म्हणे घामाखाली माणूस कळत नाही आणि पावसात सगळ्यांनाच छत्रीचा वास येतो. म्हणून 'आली' म्हणाले की मगच स्थळांना बोलावणी जायची. मुलगा यायचा, पोहे व्हायचे, कॉफी व्हायची, सुमन खाली मान घालून बसून आत जायची. मग काका पेटी उघडून तीन कुप्या तबकात मांडायचे: वाळा, मोगरा, हिना. तबक मुलापुढे धरायचे आणि अगदी गोड आवाजात म्हणायचे, "घ्या, आपल्याला आवडेल ते लावा."

बिचाऱ्याला वाटायचं, पाहुणचार आहे.

एकाने वाळा लावला. तो गेल्यावर काका ओटीवर येऊन म्हणाले, "पौषात वाळा! मग डोक्यावर बर्फाची लादी ठेवून हिंड म्हणावं." पुण्याचा एक इंजिनीयर होता, त्याने हात जोडून 'नको, मला शिंका येतात' म्हटलं आणि लगेच दोन शिंकून दाखवल्या. "शिंकणारं घराणं," असा निकाल लागला. चिपळूणचा एक होता, सेल्स टॅक्समध्ये. मोठ्याने हसणारा, मोकळा. त्याने मोगऱ्याची कुपी उचलली, रुमालाला लावली आणि म्हणाला, 'आमच्या आईचा आवडता.' काकांचं मत: "या दिवसांत मोगरा लावणारा मनुष्य नाटकात शोभेल. संसारात नाही."

त्या चिपळूणवाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुमन ड्युटीवर आली, हेडफोन लावला, काही कॉल जोडले आणि मधेच माझ्याकडे वळून म्हणाली, "तो मोगरा आत स्वयंपाकघरापर्यंत आला होता गो. छान वाटलं." मग पुढचा दिवा लागला आणि ती 'नंबर प्लीज' म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, पण ती त्या माणसाला हो म्हणाली असती, हे मला तेवढ्यावरून कळलं.

मी काकांच्या तोंडावर बोलले. म्हटलं, "काका, तुम्ही जावई शोधताय की अत्तरवाला?"

ते शांतपणे म्हणाले, "ज्याला ऋतू कळत नाही त्याला बायको काय कळणार?"

 स्वतःच्या मुलीचा कुठला ऋतू चालला होता, हे त्या एवढ्या मोठ्या नाकाला कळत नव्हतं.

मग लांज्याचे मराठे मास्तर आले. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. वय सुमनपेक्षा थोडं जास्त, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागलेले, चष्मा, आणि बोलणं अगदी सावकाश. स्थळ माझ्या मावशीने आणलं होतं, त्यामुळे मला आधी माहिती होती. सुमनने फोटो बघितला आणि परत देताना एक क्षणभर जास्त हातात धरला. मला तेवढं पुरलं.

ज्या दिवशी ते यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी मी बोर्डावर बसून लांज्याचं एक्स्चेंज लावलं, तिथल्या मैत्रिणीला शाळेचा फोन लावायला सांगितलं आणि मास्तरांना तासावरून बोलावून घेतलं. म्हटलं, "मास्तर, नीट ऐका. पोहे कसेही असले तरी संपवा. नंतर तबकात तीन कुप्या येतील. काळपट तपकिरी असेल ती घ्या. मनगटावर एकदा टेकवा, चोळू नका. आणि म्हणा, थंडीत हिन्यासारखं दुसरं नाही."

 मग मास्तर म्हणाले, "परीक्षा आहे काय?"

"परीक्षाच आहे. मी पेपर फोडतेय."

"मुलीला मी चालणार आहे का?" त्यांनी विचारलं. आधीच्या कुठल्याही स्थळाने हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हटलं आणि लाइन तोडली.

दुसऱ्या दिवशी मी सुमनला पोहे करायला मदत म्हणून गेले होते, म्हणजे खरं तर दाराआड उभी राहायला. ओटीवर काका गळपट्टा बांधून बसलेले. मास्तर समोरच्या खुर्चीत, एकटेच आलेले. पंखा बंद. मास्तरांच्या चष्म्यावर घामाचं धुकं येत होतं आणि ते पुन्हा पुन्हा पुसत होते. पोहे झाले, कॉफी झाली, सुमन येऊन गेली. तबक पुढे आलं. मास्तरांनी तिन्ही कुप्यांकडे पाहिलं, हिना उचलला, मनगटाला एकदा टेकवला, बूच नीट लावून कुपी होती तिथे ठेवली आणि म्हणाले, "थंडीत हिन्यासारखं दुसरं नाही."

सुमन माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

 मी काकांचा चेहरा पाहत होते. आनंद नाही, पसंती नाही. जप्तीच्या मालातली एखादी वस्तू कमी भरावी तसा चेहरा झाला होता. ते उठले, पायऱ्या उतरून खळ्यात गेले, कोटाची बाही वर सारली, भर दुपारच्या उन्हात हात पुढे धरला आणि लांब श्वास घेतला. परत येऊन बसले आणि म्हणाले,

"गेली."

"काय गेलं?" मास्तरांनी विचारलं.

"थंडी. आज सकाळपासूनच मला शंका होती. हवा फिरली. आता हिना चालायचा नाही. आपण ऋतू संपल्यावर हिना लावलात."

संक्रांतसुद्धा व्हायची होती! मला ओरडावंसं वाटलं. म्हणजे बरोबर उत्तर दिलं तर हा माणूस प्रश्नच बदलणार होता. त्या क्षणी मला ते सगळं लख्ख कळलं, आणि अजूनही मला दुसरं काही कारण पटत नाही. वाळा, मोगरा, हिना हे नुसतं निमित्त होतं. मुलगी गेली तर पहाटे बंब कोण पेटवणार, चहा कोण देणार, ठिपके लावायला हात कोण पुढे करणार, हा खरा प्रश्न होता. तो तोंडाने म्हणायची लाज वाटत होती म्हणून इतकी वर्षं अत्तराच्या आड लपून बसले होते.

मास्तर रागावले नाहीत. वर्गात एखाद्या मुलाला समजावून सांगावं तसे म्हणाले, "इथली गेली असेल, काका. समुद्राकाठी हवा तशी फार गार होत नाहीच. लांजा आत आहे. आमच्याकडे आहे अजून थंडी. सकाळी पोरं शाळेत कुडकुडत येतात, आम्ही मागच्या पटांगणात शेकोटी करतो."

हे ऐकून सुमन दाराबाहेर गेली. मी धरायला हात पुढे केला होता, पण ती गेलीच. कपबशा उचलायच्या निमित्ताने नाही, सरळ जाऊन वडिलांसमोर उभी राहिली. तिचा आवाज एक्स्चेंजमधलाच होता, स्पष्ट आणि सपाट.

"बाबा, तुमची थंडी गेली ना? मग ती जिथे आहे तिथे मी जाते."

 ती मास्तरांकडे वळली. "मला पसंत आहे. तुम्हाला चालेल?"

"चालेल काय, पळेल," मास्तर म्हणाले, आणि आपणच काय बोललो म्हणून लाजून चष्मा पुसायला लागले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने रडले, आणि सुमनच्या फुकट गेलेल्या त्या सगळ्या थंडीच्या रागानेही रडले.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला ओटीवर गाठलं. "शालू, त्याला तू पढवलंस."

"पढवलं."

"त्याने हिना लावला. पण ओळखला नव्हता."

"नसेल ओळखला," मी म्हटलं. "पण त्यांनी मला फोनवर विचारलं, मुलीला मी चालणार आहे का. तुम्ही तिला कधी काही विचारलंत?"

त्यांनी हनुवटी वर केली, पण श्वास घेतला नाही. रबराच्या वासाचंही बोलले नाहीत. उठून आत गेले.

लग्न वैशाखात झालं. काकांनी कन्यादान केलं, सगळं रीतसर केलं, आणि सबंध वेळ कुणीतरी बळजबरीने उभं केल्यासारखे उभे राहिले. सुमनने बदली करून घेतली आणि लांज्याला गेली. लांजा काही काशी-रामेश्वर नाही. सकाळच्या एस.टी.ने जावं, दुपारी जेवून परत यावं. पण काका एकदाही गेले नाहीत. सुमन यायची, घर झाडून-पुसून, चटणी-लोणची भरून जायची. दर वेळी म्हणायची, 'बाबा, चला ना आमच्याकडे चार दिवस.' काका म्हणायचे, 'बघू.' घरात खानावळीचा डबा लागला होता. डब्यातल्या आमटीला पितळेचा वास येतो म्हणून ते ती खळ्यात ओतून टाकत आणि कोरडा भात खात. वाळत चालले होते. मला दया येत नव्हती असं नाही, पण रागाच्या खाली ती फार दबून होती.

त्यात सुमनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही साधी रीत. आई नसली तर मावशी करते, काकू करते, आणि कुणीच नसलं तर शेजारीण करते. मी समोर होतेच. मी काकांना म्हटलं, "आणा तिला. मी आहे, कादिरभाईंकडच्या बायका आहेत. सगळं करू." ते म्हणाले, "माझ्या घरात बाई नाही. कशास आणायची?" सुमन सातवा लागेपर्यंत वाट बघत होती, असं मास्तरांनी मला नंतर सांगितलं. शेवटी ती सासरीच बाळंत झाली. मुलगी झाली. मास्तर स्वतः बारशाचं बोलावणं करायला आले, काकांच्या पाया पडले, पेढे देऊन गेले.

बारशाच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. आमच्याकडे अशा वेळी सामान एस.टी.च्या ड्रायव्हरकडे द्यायची पद्धत आहे. पुढच्या गावच्या स्टँडवर माणूस येऊन घेऊन जातो. मी डिंकाच्या लाडवांचा डबा आणि एक दुपटं पिशवीत घालून सकाळीच स्टँडवर गेले. लांज्याची गाडी लागली होती. ड्रायव्हरच्या दारापाशी नाझरकाका उभे. हातात नवी कापडी पिशवी. ते ड्रायव्हरला सांगत होते, "लांज्याला मराठे मास्तर म्हणून आहेत. त्यांना द्यायची. जपून."

मी पिशवीत डोकावले. बाळंतविडा होता. स्वतः दुकानात जाऊन आणलेला, हे न सांगताही कळत होतं: झबली एवढी मोठी की ती मुलगी शाळेत जाईपर्यंत पुरावीत. कुंची मात्र छान होती, हिरव्या खणाची. अशा खणाची चोळी सुमनच्या आईच्या जुन्या फोटोत होती.

माझं डोकंच फिरलं. "काका, बारसं आज आहे. नातीला नाव ठेवायचंय. आणि तुम्ही पिशवी पाठवताय?"

"बोलावणं आलं होतं," ते म्हणाले. "मास्तर येऊन गेला."

"मग?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊन सांगू काय तिला?"

इतकी वर्षं प्रत्येक माणसावर निकाल देणाऱ्या या म्हाताऱ्याजवळ स्वतःच्या मुलीशी बोलायला एक वाक्य नव्हतं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. पण त्यांचा कोट खांद्यावर किती सैल झाला होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं.

"काही सांगू नका," मी म्हटलं. "पोर मांडीवर घ्या आणि गप्प बसा."

ड्रायव्हर कंटाळला होता. "काका, पिशवी देताव का सोता येताव? गाडी सुटतेय बघा."

मी माझी पिशवी काकांच्या दुसऱ्या हातात कोंबली. म्हटलं, "माझीही न्या. मला कामावर जायचंय, ड्रायव्हरला आणखी ओझं कशाला?" आणि मागे न बघता चार पावलं दूर जाऊन उभी राहिले. ते क्षणभर दोन पिशव्या घेऊन तसेच उभे होते. मग चढले. खिडकीजवळची जागा रुमालाने तीनदा झटकली, शेजारच्या बाईला तिची टोपली पायाशी घ्यायला सांगितली, कंडक्टरने सुटे मागितले म्हणून त्याच्यावर डोळे वटारले. अगदी होते तसेच. महिन्याभरात माझी बदली सांगलीला झाली, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं.

घंटा झाली, गाडी हलली. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कधी नव्हे तो त्यांचा आवाज खाली आला होता. शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

"शालू," त्यांनी विचारलं, "स्टँडवरून तिचं घर कुठल्या बाजूला गो?"

मी गाडीबरोबर पळत त्यांना सांगत गेले.